आजऱ्याला पोचायला तीन दिवस

कोल्हापूरहून आजऱ्याला जायला किती वेळ लागतो, असं कुणालाही विचारा. उत्तर येईल, अडीच तास, वाटेत चहाला थांबलात तर तीन. आम्हाला तीन दिवस लागले. गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. परत जळगावला आल्यापासून शेजारच्या बायका विचारतात, "मग काय, देवीचं दर्शन झालं का? रंकाळ्यावर गेलात का? चपला आणल्या की नाही?" यातलं काहीच झालं नाही. मी पाहिली ती गॅरेजं, एक गुऱ्हाळ, रस्त्याकडेच्या विहिरी, आणि एका जुन्या व्हॅनचा वर वर चढणारा काटा. तरी मला जन्मभर आठवणार तो हाच प्रवास, म्हणून लिहून ठेवते आहे.

कोल्हापूर माझं माहेर. लग्न होऊन जळगावला आले त्याला चाळीस वर्षं होत आली. इथल्या शाळेत मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाले. धाकटा भाऊ सुभाष तिकडंच राहिला, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर. त्याची बायको मंगल आजऱ्याजवळच्या एका वाडीतली. दोघांना मूलबाळ नाही. कारखाना सुटल्यावर दोघांनी कांदा-लसूण चटणीचा धंदा काढला. मंगल चटणी करायची, सुभाष जुनी व्हॅन चालवायचा आणि दोघं मिळून गावोगावच्या दुकानांत माल पोचवायचे. बारा वर्षं हिंडले असे.

व्हॅनचं मूळचं इंजिन दुसऱ्याच वर्षी बसलं. दुसऱ्या कुणी गाडी भंगारात घातली असती. आमच्या सुभाषनं अपघातात चेपलेल्या एका मोटारीचं डिझेल इंजिन आणलं आणि महिनाभर खपून ते या व्हॅनमध्ये बसवलं. पट्ट्या स्वतः कापल्या, पाइप स्वतः वाकवले, मोठा रेडिएटर पुढं खाली लटकवला. इंजिन पुढच्या दोन सीटच्या मध्ये, झाकणाखाली. मंगलची जागा त्या झाकणाला लागून. मांडी भाजते म्हणून ती मध्ये गोधडीची घडी ठेवायची. मी एकदा म्हटलं होतं, "अगं, चालत गेलीस तर गार तरी राहशील." तर नवऱ्याच्या गाडीला नाव ठेवलं म्हणून बाई दिवसभर फुगून बसली होती.

दिवाळीनंतर तिच्या पोटात गाठ निघाली. तीन महिने दवाखाना झाला. मग डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी येऊन दोन दिवस झाले आणि मंगल म्हणाली, मला माहेरला न्या.

आमच्या भागात बाई माहेरी बाळंतपणाला जाते, सणाला जाते, भांडून जाते. मरायला जात नाही. शेवट नवऱ्याच्या घरातच व्हायचा, असंच सगळे धरून चालतात. तिच्या भावालाही ऐकून अवघडल्यासारखं झालं. गल्लीतल्या बायकांनी सुभाषकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू विचारत होत्या, यानं हिला काय केलं असेल. सुभाषनं मला फोन केला. "आक्का, ये. तिला पोचवाय जायाचंय." एवढंच बोलला आणि फोन ठेवला. त्याला फार लागलं होतं, हे मला जळगावात बसून कळलं.

मी पोचले तेव्हा मंगल उशाला टेकून बसली होती. हातापायाच्या काड्या झालेल्या. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलावू. "शिट्टी वाजवत माहेरला जाऊ व्हय, वन्सं?" ती म्हणाली. "आपल्या गाडीतनं जातो मी." कोल्हापूरच्या बायका ‘मी जातो, मी येतो’ असंच म्हणतात. जळगावच्या शिक्षकखोलीत माझी यावरून बरीच थट्टा झाली होती. आता मंगलच्या तोंडून ते ऐकून बरं वाटलं आणि रडूही आलं.

कागल

सकाळी नऊला निघालो. सुभाषनं मागची फळी काढून गादी घातली होती. मंगलच्या उशाशी मी, गोळ्यांची पिशवी आणि पाण्याची बाटली. शेजारणींनी ओटी भरली. मंगलनं वळून घराकडं पाहिलं नाही, हे मी पाहिलं, आणि सुभाषनंही पाहिलं.

हायवेला लागलो आणि वीसेक मिनिटांत टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला. कागलच्या अलीकडं गाडीच्या नाकातून भस्सकन वाफ निघाली. सुभाषनं गाडी बाजूच्या रस्त्याला घेतली. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये शौकत मिस्त्रींचं गॅरेज होतं. मिस्त्री साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी आधी गाडीत डोकावून मंगलला पाहिलं आणि सुभाषवर ओरडले, "डोकं हाय का न्हाय पावणं? असलं माणूस घिऊन ह्या खटाऱ्यातनं निघालासा?" जळगावात गाडी बंद पडली तर लोक आधी ‘काय झालं भाऊ’ विचारतात. इथं आधी शिव्या मिळतात आणि मदत मागाहून येते, पण येते ती पोटातून. मिस्त्रींनी पाच मिनिटांत पलीकडच्या घरातून बाज मागवली आणि मंगलला चिंचेखाली झोपवलं.

मग शोध सुरू झाला. रेडिएटरच्या जाळीत उंदरानं घरटं केलेलं. गाडी तीन महिने दवाखान्याच्या फेऱ्यांपायी दारात उभी होती, तेवढ्यात त्यानं संसार मांडला होता. मी चिमट्यानं ते घरटं उपसलं. कापूस, सुतळी, आणि चटणीच्या पाकिटांचे बारीक तुकडे. ‘मंगल मसाले’ मधला ‘मंग’ एका तुकड्यावर शाबूत होता. तो मी गुपचूप पर्समध्ये टाकला. खालचा रबरी पाइपही चिरला होता. मिस्त्रींनी तो बदलला. गाडी चढावर नाक वर करून उभी केली आणि पाणी भरलं, म्हणजे आत अडकलेली हवा वरच्या तोंडातून निघून जाते. बुडबुडे येत राहिले तोवर कुणी हात काढला नाही. एवढ्यानं काम व्हायला हवं होतं.

पण मिस्त्री म्हणाले, "थर्मोस्टॅट वॉलबी काढून टाकतो. हितं कुणाच्याच गाडीत ऱ्हात न्हाय त्यो. उष्ण मुलूख. सगळं पानी मोकळं फिरू दे." सुभाष क्षणभर त्यांच्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "काढा."

मला त्यातलं काही कळलं नाही. माझी एकच भीती होती, मंगल वाटेत गेली तर. तिच्या गोळ्या जेमतेम तीन दिवसांच्या होत्या आणि पुढचं सगळं तिच्या भावानं आजऱ्याच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. काम संपायला पाच वाजले. मी म्हटलं, परत कोल्हापूरला जाऊ, वीस मिनिटांचं तर अंतर. मंगलनं बाजेवरूनच मान हलवली. "मागं फिरायचं न्हाय."

बाज ज्यांच्या घरची होती ते आप्पासाहेब, जैन शेतकरी, ऊसवाले, काठी टेकत आले आणि म्हणाले, "आता कुटं जातासा? चला, दिवस हाय तवर जेवून घ्या." त्यांच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवतात. साडेपाचला मला भूक लागायची सवय नाही. पण पानावर बसल्यावर गरम भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि वर तूप. कांदा-लसूण कशातच नाही. मंगलनं दोन घास आमटी घेतली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, माझा धंदा ह्या घरात बुडाला असता बगा." आप्पासाहेबांच्या सुनेलाही हसू आलं. सुभाष हसला तो सगळ्यात मोठ्यांदा. तीन महिन्यांनी तो हसला असेल.

मुरगूडचा रस्ता

रात्र आप्पासाहेबांकडंच काढली. दुसऱ्या दिवशी सुभाष म्हणाला, हायवे नको, आतल्या रस्त्यानं हळूहळू जाऊ. मुरगूड, गारगोटी, तिथून आजरा. मला पटलं. मंद चालवली तर इंजिन कमी तापेल, असा माझा शहाणपणा. बारा किलोमीटर झाले आणि काटा परत लाल. आदल्या दिवसापेक्षा कमी अंतरात.

उतरलो. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस. एक बाई म्हशी घेऊन चालली होती. तिनं विचारपूस केली, मंगलकडं पाहिलं आणि म्हशी तशाच सोडून विहिरीवरून दोन घागरी आणल्या. सुभाषनं रेडिएटरच्या टोपणावर ओलं फडकं टाकलं आणि इंजिन निवायची वाट पाहत बसला. मी घड्याळ पाहत होते. तासभर झाला. तो मंगलच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत होता आणि तिला सांगत होता, कुठल्या गावच्या दुकानदारानं कशी बरणी लपवून ठेवली होती, कुठल्या वळणावर गाडी रुतली होती. तिच्या डोळ्यांच्या कडा हसत होत्या. मी दोनदा म्हटलं, निघायचं का. दोन्ही वेळा म्हणाला, "गार होऊ दे की आक्का. घाई कसली?"

मला राग आला. घाई कसली म्हणून काय विचारतो हा?

दहा किलोमीटर गेलो, पुन्हा तेच. या वेळी एका गुऱ्हाळाशी थांबलो. काहिलीत रस रटरटत होता, वर मळी येत होती आणि गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं ती काढत होता. आमच्या गाडीतून वाफ निघताना पाहून तो म्हणाला, "पावणं, तुमचाबी गूळ व्हायला आलाय की!" मग मंगल दिसली तसा गप्प झाला आणि वाटीत गरम काकवी घेऊन आला. तीन दिवस तिच्या पोटात धड काही टिकलं नव्हतं. सुभाषनं बोटानं काकवी तिच्या ओठाला लावली. तिनं चाटली. "अजून," म्हणाली. अर्धी वाटी काकवी तिनं त्याच्या बोटानं खाल्ली. मी पाठ करून उभी राहिले. गुऱ्हाळावरची माणसंही आपापल्या कामाला लागली.

तिसऱ्यांदा गाडी मुरगूडच्या पुढं थांबली तेव्हा मी सुभाषला वाट्टेल ते बोलले. जळगावात राहून माझी भाषा मऊ झाली आहे असं सगळे म्हणतात, पण भावाशी भांडताना ती जशीच्या तशी परत येते. "सुभ्या, जन्मभर कारखान्यात यंत्रं हाताळलीस आणि सोत्ताची गाडी तेवढी कळंना व्हय तुला? ती बाई वाटंतच जाईल की रं!" मंगल म्हणाली, "वन्सं, असू द्या. मला बरं वाटतंय."

गारगोटी

संध्याकाळी कशीबशी गारगोटी गाठली. तिथं माझी डी.एड.ची मैत्रीण शालन राहते. तिलाही शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. न सांगता दारात उभे राहिलो, तरी तिनं पुढची खोली मंगलसाठी मोकळी केली आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून एक इंजेक्शन देववलं. मंगल शांत झोपली.

सकाळी मी सुभाषचा शर्ट धुवायला घेतला. तेल, लाल माती आणि काकवीनं तो नुसता कडक झाला होता. खिसे तपासायची शिक्षिकेची सवय. वरच्या खिशात पितळी, गोल, स्प्रिंगवाली वस्तू. कागलला मिस्त्रींनी काढलेला तो थर्मोस्टॅटचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह. फेकून न देता हा खिशात घेऊन हिंडत होता.

मी तो हातात फिरवून पाहिला. वर एक झडप, खाली दांड्याला एक चकती. पस्तीस वर्षं आठवीच्या पोरांना उष्णता शिकवली आहे. अंगणात बसून हिशोबाच्या वहीत, म्हणजे शालनच्या दुधाच्या वहीत, गाडीच्या पाइपांचं चित्र काढलं. इंजिनातल्या पाण्याला दोन वाटा असतात. एक जवळची, इंजिनातून निघून परत इंजिनात. एक लांबची, रेडिएटरमधून गार होऊन येणारी. इंजिन गार असतं तेव्हा हा वॉल लांबची वाट बंद ठेवतो. तापलं की वरची झडप उघडते, लांबची वाट मोकळी होते, आणि त्याच वेळी खालची चकती जवळच्या वाटेच्या तोंडावर बसते. वॉलच काढून टाकला तर दोन्ही वाटा सदा उघड्या. मग पाणी जवळच्या वाटेनं जाणार, गार न होता तिथल्या तिथं फिरत राहणार. शौकत मिस्त्रींनी इतर गाड्यांत वॉल काढला तर कदाचित निभावून जात असेल. या इंजिनात नाही.

राहिला प्रश्न, वॉल बिघडला होता का. मी शालनच्या स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी ठेवलं आणि वॉल दोऱ्याला बांधून आत सोडला. शालन म्हणाली, "तुझी शाळा अजून सुटंना." मधलं दार उघडं होतं. मंगल कॉटवरून पाहत होती. पाणी उकळायच्या बेताला आलं आणि झडप हळूहळू उघडली. अगदी व्यवस्थित. बाहेर काढला तशी मिटली. मी मोठ्यानं "अगं, चांगला आहे की हा!" म्हटलं. मंगलनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं दमली.

सुभाष गाडीपाशी होता. मी ओला वॉल त्याच्यासमोर धरला.

"सुभ्या, ह्यो उघडतोय. बिघडलेला न्हाय."

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"इंजन मी बसवलंय, आक्का."

सगळं एकदम उमगलं. कागलला तो क्षणभर का थांबला, आतला रस्ता का घेतला, घाई कसली असं का विचारलं. मी विचारलं, "मग काढू का दिलास?"

तो फडक्याला हात पुसू लागला. "म्हणलं, तापंल. थांबाय लागंल. अर्धा दिवस जाईल, एक दिवस जाईल. पोचलं की संपलं की, आक्का." मग आवाज चढला. "सदतीस वर्सं माझ्या घरात नांदली. एकदाबी रुसून माहेरला गेली न्हाय. आणि आता मराय माहेर पायजे. माझं काय चुकलं ते तरी सांगायचं. विचारलं तर बोलत न्हाय."

"आणि वाटंत गेली असती तर?"

"तर माझ्यापाशी गेली असती."

मी त्याला मारेन असं वाटलं होतं. पण त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अंगणात आम्ही दोघं म्हातारी भावंडं एकमेकांना धरून रडलो. शालन चहा घेऊन आली होती, ती तशीच आत गेली.

नंतर त्यानं वॉल परत बसवला. पाणी गळू नये म्हणून मध्ये घालायला गॅस्केट हवं होतं. शालननं एक जुनं हजेरीपुस्तक काढून दिलं. त्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा त्यानं वॉल बसतो त्या तोंडावर धरला आणि कडेकडेनं हातोडीनं अलगद ठोकत गेला. पुठ्ठा काठावर आपोआप कापला जात होता. उद्यमनगरात सगळे असंच गॅस्केट कापतात. मोजमाप नाही, कात्री नाही. मी इतकी वर्षं फुटपट्टी घेऊन शिकवलं, मला हे जमलं नसतं. त्यानं गाडी चढावर नाक वर करून लावली, पाणी भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत उभा राहिला. कुठंही चूक केली नाही. करता आली असती.

आजरा

अकराला निघालो. गारगोटी सोडली की रस्ता डोंगराला लागतो. मी या वेळी पुढं बसले होते, इंजिनाच्या झाकणाशी, मंगलच्या जागेवर. काटा चढला, मध्यावर आला आणि तिथं थांबला. चढ आला, उतार आला, ट्रॅक्टरच्या मागं रांगत जावं लागलं, काटा हलला नाही. तीन दिवस मी हेच मागत होते. आता त्याच्याकडं पाहवत नव्हतं. मनात म्हणत होते, जरा तरी चढ की रे. सुभाष काट्याकडं पाहतच नव्हता. मागून मंगलनं एकदाच विचारलं, "आज थांबायचं न्हाय काय कुटं?" सुभाष म्हणाला, "न्हाय गं. आज गाडी बरी हाय."

दीड वाजता वाडीत पोचलो. तिचा भाऊ, भावजय आणि दहा-बारा माणसं वाटेवर उभी होती. घरामागच्या उताराला काजूची झाडं, सगळी मोहरलेली, आणि त्या मोहराचा गोडसर उग्र वास सगळ्या अंगणात. ओसरीवर तिच्यासाठी खाट घातली होती. भावजयीनं घनसाळ तांदळाचा मऊ भात केला होता. असा वासाचा भात मी कुठं खाल्ला नाही. आमच्याकडं जळगावात भाताला कुणी फार विचारत नाही. त्या दिवशी मी तीनदा वाढून घेतला, आणि जेवता जेवता स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाष औषधं आणायला आजऱ्यात गेला होता. मी मंगलचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "वन्सं, त्यांना लई बोललासा का वो गारगोटीत?"

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

"वॉलबद्दल." ती दम घेत घेत बोलत होती. "कागलला मिस्त्रीनं काढला तवाच मला कळलं. धा वर्सं त्या इंजनाजवळ बसलोय मी. काय काढलं की काय हुतंय, मला ठावं न्हाय व्हय? म्हणलं, तापू दे. मलाबी दोन दिस मिळाल्यात की. आमी दोघं कवा हिंडलोय असं, माल न घेता?"

मी फणी खाली ठेवली. "मग इकडं कशाला आलीस, मंगल? त्याच्या घरात काय कमी होतं? तो जिवाला लावून घेऊन बसलाय."

तिनं काजूकडं पाहिलं. "त्या घरात एकच खोली हाय झोपायची. एकच कॉट. मी तितं गेलो, तर हे त्या कॉटवर परत पाठ टेकायचं न्हाईत. त्या खोलीतबी जायचं न्हाईत. मी वळखतो त्यांना. पोर न्हाय, बाळ न्हाय. माझ्यामागं त्यांना त्याच घरात ऱ्हायाचंय. म्हणून म्हणलं, माझं जे व्हायचं ते दुसरीकडं हू दे. घर त्यांना ऱ्हाऊ दे."

"हे त्याला सांग की गं."

"न्हाय. सांगितलं तर उचलून परत न्हेतील मला. तुमी सांगा, मागनं."

मंगल त्यानंतर नऊ दिवस होती. सुभाष ओसरीवर तिच्या खाटेशी बसून असायचा. दहाव्या दिवशी दुपारी, तो तिला पाणी पाजत असताना, ती गेली. तिच्या भावानं सगळं रीतसर केलं. गावातल्या कुणीही, इथं का, असं विचारलं नाही.

कोल्हापूर

दिवस घालून झाल्यावर सुभाष आणि मी परत निघालो. अडीच तासांत कोल्हापूर. गाडी कुठं थांबली नाही.

मी आठवडाभर त्याच्याकडं राहिले. घर झाडलं, खोलीतल्या कॉटवर धुतलेली चादर घातली, खिडकी उघडली. मंगलला हवी होती तशी ती खोली खरंच नुसती खोली होती. तिथं दुखण्याचा वास नव्हता, काही नव्हतं. सुभाष आत यायचा, जेवायचा, टीव्ही लावायचा. पहिल्या सकाळी मी त्याला उठवायला गेले तर चादरीला सुरकुती नव्हती. वाटलं, लवकर उठून आवरलं असेल. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर तो दारातल्या व्हॅनमधून उतरत होता. मागची गादी त्यानं काढलीच नव्हती. मंगलची उशी, तिचं पांघरूण, काकवी सांडलेला डाग, सगळं तसंच होतं. तो तिथं झोपत होता.

मी चहा घेऊन गाडीत गेले, त्याच्या शेजारी गादीवर बसले आणि मंगलनं सांगितलं होतं ते सगळं त्याला सांगितलं. खोलीचं, कॉटचं, घर त्यांना ऱ्हाऊ दे म्हणाली ते. कागललाच तिला कळलं होतं, तेही सांगितलं. चहा निवून गेला. गल्लीत पोरं शाळेला निघाली होती.

मग त्यानं उशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मग आक्का, तिनं माहेरला माझ्या गाडीतनं जायाला नको हुतं."